पुन्हा व्यसन म्हणजे पुन्हा गुन्हा?

ऑगस्ट २०२३ मध्ये दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटे वाहून आली, तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात चर्चा झाली ती माल कुठून आला याची. पण अमली पदार्थांच्या प्रकरणांत विकणारे पकडले जातात, तसे केवळ सेवन करणारेही. त्यांच्याबाबत कायदा आणि वैद्यकशास्त्र यांची भाषा वेगळी आहे आणि त्याचा फटका रुग्णाला बसतो.

१९८५च्या एनडीपीएस कायद्याच्या कलम २७ नुसार सेवन हाच गुन्हा आहे. हेरॉइनसाठी एक वर्षापर्यंत, तर गांजा-चरससाठी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र याच कायद्यात उपचारांची वाटही आहे. अल्प प्रमाणात अमली पदार्थ सापडलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर कलम ६४-अ तिला खटल्यापासून संरक्षण देते. दोषी ठरलेल्या व्यसनीला कलम ३९ नुसार न्यायालय उपचारांसाठी बंधपत्रावर सोडू शकते. उपचारांचा अहवाल वर्षभरात न्यायालयापुढे यावा लागतो.

अडचण पुढे आहे. 'संपूर्ण उपचार' घेतले नाहीत, तर ६४-अचे संरक्षण काढून घेता येते. पण संपूर्ण म्हणजे किती दिवस, हे त्या कलमात सांगितलेले नाही. शिवाय सेवनच गुन्हा असल्याने उपचारांनंतरची पहिली घसरणही कायद्याच्या नजरेत नवा गुन्हा ठरते. मग तो माणूस डॉक्टरकडे जाऊन खरे सांगेल का?

वैद्यकशास्त्रानुसार व्यसन हा दीर्घकाळ चालणारा आजार आहे. उपचारांनंतर साधारण ४० ते ६० टक्के लोक पुन्हा सेवन करतात. रक्तदाब किंवा दमा पुन्हा उसळण्याचे प्रमाणही याच्या आसपास असते. दम्याचा झटका आला म्हणून उपचार फसले, असे आपण म्हणत नाही. ते बदलतो किंवा वाढवतो.

घसरणीचा सर्वांत मोठा धोका मृत्यूचा आहे. काही आठवडे बंद असलेल्या गर्दची सहनशक्ती शरीर गमावते आणि पूर्वीचीच मात्रा जीवघेणी ठरते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातून सुटलेल्या कैद्यांच्या २००७च्या अभ्यासात, सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका सर्वसामान्यांच्या जवळपास तेरापट आढळला.

मग न्यायालयाची देखरेख निरुपयोगी आहे का? तसे नाही. अमेरिकेत १९८९ मध्ये मायामीत सुरू झालेल्या 'ड्रग कोर्ट'मध्ये न्यायाधीश आरोपीला ठरावीक काळाने भेटतात, लघवीची तपासणी होते, प्रगतीचे कौतुक आणि चुकीला छोटी शिक्षा मिळते. दीडशेहून अधिक मूल्यमापनांच्या २०१२च्या आढाव्यानुसार, एरवी शंभरातील ५० जण पुन्हा गुन्ह्यात अडकत असतील, तर अशा देखरेखीत हे प्रमाण ३८ पर्यंत खाली येते. म्हणजे घसरण पूर्ण थांबत नाही, पण गुन्हेगारी कमी होते. या दोन गोष्टी वेगळ्या मोजायला हव्यात.

रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे आणि २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही. पण जिल्हा मंडणगडपासून राजापूरपर्यंत लांबलचक पसरलेला आहे. तपासणीसाठी शहरात यायचे, तर दिवसाची मजुरी बुडते. बोटीवर गेलेला खलाशी ठरलेल्या तारखेला किनाऱ्यावर असेलच, असेही नाही. अशी चुकलेली तारीख 'उपचार सोडले' म्हणून नोंदली गेली, तर अहवाल चुकीचे चित्र दाखवेल. तालुक्याच्या ठिकाणीच पाठपुरावा झाला, तर हा प्रश्न बराच हलका होईल.

एम्सच्या २०१९च्या राष्ट्रीय अहवालानुसार, बेकायदा अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या वीस जणांपैकी जेमतेम एकाला कधीतरी दाखल होऊन उपचार मिळतात. न्यायालयापर्यंत पोचलेला रुग्ण निदान व्यवस्थेच्या नजरेत तरी आलेला असतो. तो पहिल्याच घसरणीत पुन्हा नजरेआड होऊ नये, यासाठी न्यायालयाने अहवालात 'पुन्हा घेतली का' या प्रश्नाबरोबर 'उपचाराला परत आला का' हेही विचारायला हवे.