अंगणातील जपा आणि फवारणीचा प्रश्न

दवाखान्याच्या दाराशी जास्वंद नाही असा वैद्य विरळाच. शोभेसाठी लावलेली हीच जपा केश्य तेलाच्या कढईतही जाते. म्हणून तिच्यावरील कीड हा केवळ माळ्याचा विषय राहत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या जास्वंदीच्या शेंड्यांवर पिठ्या ढेकणांचा पांढरा थर चढला. माळ्याने आम्हांस न विचारता बुंध्याशी इमिडाक्लोप्रिड ओतले. काही दिवसांत झाड स्वच्छ झाले, परंतु आम्हांस हे कळले ते तेल सिद्ध झाल्यावर. हे कीटकनाशक आंतरप्रवाही आहे. ते मुळांवाटे झाडाच्या रसात मिसळते. फुले धुऊन ते निघत नाही. ती सगळी खेप आम्ही टाकून दिली.

मूळ दोष मातीत होता. अंगणाचा भराव विटांचे तुकडे, सिमेंट व चुन्याचा. अशा चुनखट मातीत लोह असूनही झाडास मिळत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पिवळेपणा पाहून आम्ही युरिया दिला, लुसलुशीत फुटवा आला आणि कीड त्यावर तुटून पडली. रुग्णास रोज निदानपरिवर्जन सांगणाऱ्यांनी केलेली ही लक्षणचिकित्सा! सुरपालाच्या 'वृक्षायुर्वेदा'त वनस्पतींच्या व्याधींचाही विचार वात-पित्त-कफांच्या आधारे केला आहे, हे त्या वेळी आम्हांस आठवले नाही.

ते झाड आता केवळ शोभेचे. दुसऱ्या जागी खड्डा घेऊन, राडारोडा उपसून, पोयटा व कुजलेले शेणखत भरून नवे कलम लावले आहे. त्यावर कीड दिसताच बाधित शेंडे छाटून जाळतो. लिटरभर पाण्यात 5 मिलिलिटर निंबतेल व थोडा द्रव साबण घालून सायंकाळी पानांच्या खालून फवारतो. साबणाविना मेणचट थर भेदला जात नाही. अंडी वाचतात, म्हणून आठवड्याने पुन्हा फवारावे लागते. मुंग्यांचा बंदोबस्तही हवाच, कारण गोड स्रावाच्या लोभाने त्या या किडीची राखण करतात.

तेल बाह्योपयोगी, मग एवढी चिकित्सा कशाला, असे काही स्नेही म्हणतात. आम्हांस ते मान्य नाही. असृग्दरात हीच फुले आपण पोटात देतो. फार्मसीचालकांनी तर फुले विकत घेताना झाडास शेवटचे काय व केव्हा दिले, हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे. आमच्या पुरवठादाराने प्रथम कुरकुर केली. आता चिठ्ठी पोत्यासोबतच येते.