आदेश आपला, निकाल परका!

१८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील वकिलांनी आणि पक्षकारांनी दीर्घकाळ चालवलेल्या लढ्याचे ते फळ. न्याय दारी आला, याचा आनंद रास्तच आहे. पण दारी आलेला हा न्याय कोणत्या भाषेत बोलतो? शाहूवाडीच्या डोंगरकपारीतील शेतकऱ्याच्या जमिनीचा निकाल येथे लागतो, तो इंग्रजीत. मुंबईची फेरी वाचली. दुभाष्याची गरज मात्र उरलीच.

करवीर नगरीला राज्यभाषेचा वारसा नव्याने सांगावा लागू नये. छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध करवून घेतला. मुजुमदाराचा ‘अमात्य’ झाला, सुरनिसाचा ‘सचिव’ झाला, सरनोबताचा ‘सेनापती’ झाला. ही पंडितांची हौस नव्हती. सिंहासन आपले आणि शब्द परका, ही विसंगती त्या द्रष्ट्या राजाला सलत होती. पुढे करवीरच्या संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत, १७१५ साली, रामचंद्रपंत अमात्यांनी राजनीतीचा ग्रंथ मराठीत लिहिला. त्याचे नावच ‘आज्ञापत्र’! आरमाराला लाकूड हवे असले, तरी रयतेची आंब्या-फणसाची झाडे बळाने तोडू नयेत, हे त्यात बजावले आहे. आज्ञा रयतेच्या हिताची होती आणि रयतेच्या भाषेत होती.

येथे स्वभाषेचा कैवार घेणाऱ्या आपण सर्वांनी एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. ‘कायदा’ आणि ‘हुकूम’ हे दोन्ही शब्द अरबीतून आलेले. २६ जुलै १९०२ रोजी राजर्षी शाहू छत्रपतींनी मागासलेल्या समाजांसाठी राज्याच्या नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, तोही हुकूमच होता. शब्द बाहेरचा, पण आज्ञा आपल्या राजाची. आज नेमके उलटे झाले आहे. अधिनियम, अध्यादेश, अधिसूचना, आदेश : शब्द सारे संस्कृतोद्भव, निष्कलंक, आणि न्यायाचा अंतिम शब्द मात्र परका. कोश शुद्ध झाला, न्यायासन दास्यातच राहिले!

या शब्दांचे अर्थ तरी आपण जपतो काय? विधेयक विधिमंडळात संमत होऊन राज्यपालांची अनुमती मिळाली, की त्याचा अधिनियम होतो. त्या अधिनियमाने दिलेल्या अधिकारात शासन करते ते नियम. विधिमंडळाचे अधिवेशन चालू नसताना राज्यपाल काढतात तो अध्यादेश, म्हणजेच वटहुकूम. अधिवेशन पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याला संमती मिळाली नाही, तर तो संपतो. शासन निर्णय आणि परिपत्रक ही प्रशासनाची साधने. ती अधिनियमावर मात करू शकत नाहीत. हा भेद ज्याला ठाऊक नाही, त्याला कचेरीतला कारकूनही साधे परिपत्रक ‘कायदा’ म्हणून दाखवू शकतो. शब्दांचे अज्ञान म्हणजे हक्कांचे अज्ञान होय.

आमच्या व्यवसायबंधूंचा यातील वाटाही थोडा नाही. शिक्षण खात्याने परिपत्रक काढले, की दुसऱ्या दिवशी मथळा सजतो : ‘सरकारचा नवा फतवा’! फतवा म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या जाणकाराने दिलेला अभिप्राय. त्याला कायद्याचे बळ नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केले आहे. लोकनियुक्त शासनाच्या आज्ञेला हा शब्द लावणे म्हणजे दोन्हींचे अज्ञान प्रकट करणे होय.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. राज्यघटनेच्या ३४८व्या अनुच्छेदाने उच्च न्यायालयांची भाषा इंग्रजी ठेवली. परंतु राष्ट्रपतींच्या पूर्वसंमतीने राज्यपालांना राज्याच्या राजभाषेस तेथे वाव देण्याची मुभाही दिली. १९६३च्या राजभाषा अधिनियमाने, सोबत इंग्रजी अनुवाद देऊन, निकालपत्रासाठीही ते दार उघडले. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहार यांच्या उच्च न्यायालयांत हिंदीस अशी अनुमती आहे. मात्र तमिळनाडू, गुजरात, कर्नाटक आदी राज्यांचे स्वभाषेसाठीचे प्रस्ताव सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्वीकारले नाहीत. परप्रांतांतून बदलून आलेल्या न्यायमूर्तींचे काय, हा आक्षेप खोटा नाही. पण त्यावर उपाय अनुवादकांचा आहे. आज अनुवादाचा भार पक्षकार वाहतो. तो राज्याने वाहावा. निकालांची मराठी भाषांतरे उपलब्ध होऊ लागली, हे स्वागतार्हच. तथापि प्रमाण मानला जातो तो इंग्रजी पाठ.

मराठी १९९८ पासून महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तिला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. केंद्रात आणि राज्यात आज स्वभाषेचा अभिमान सांगणारेच सत्तेवर आहेत. मग अडले कुठे? विरोधकांना विचारायचा हा प्रश्न आपल्याच माणसांना विचारताना जीभ अडखळू नये. राज्यव्यवहारकोशाच्या पूजनाने स्वराज्य पूर्ण होत नाही. कोल्हापूरच्या पीठापुढे मराठीतून बाजू मांडता यावी आणि मराठीतून निकाल मिळावा, असा प्रस्ताव राज्याने निर्धाराने पुढे न्यावा. शाहूवाडीच्या त्या शेतकऱ्याने स्वतःचे निकालपत्र स्वतः वाचावे; मग तो जिंको वा हरो.