बोगोरियाचं पाणी आणि जीन्सची पँट

केनियाच्या रिफ्ट व्हॅलीत बोगोरिया नावाचं एक सरोवर आहे. फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल, नाव कदाचित माहीत नसेल. काठाला गुलाबी पट्टा, मागे उभा कडा आणि मध्येच जमिनीतून फुसफुसत वर येणारी वाफ. फोटोखाली हमखास 'अस्पर्श निसर्ग' छापाचं काहीतरी लिहिलेलं असतं. माझं भांडण त्या 'अस्पर्श'शी आहे.

पण आधी सरोवर, कारण ते खरंच भन्नाट आहे. पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही. आजूबाजूचा ज्वालामुखीचा खडक सोडियम सोडत राहतो, ऊन पाणी उडवत राहतं आणि मागे उरतो सोडा. पीएच दहाच्या आसपास, म्हणजे जवळजवळ धुण्याच्या सोड्याचं पाणी! (आपलं लोणारही याच जातीचं, फक्त तिथे खड्डा उल्केने केला.) या पाण्यात मासे जगत नाहीत. जगतं ते आर्थ्रोस्पायरा, म्हणजे हेल्थ फूडच्या दुकानात 'स्पिरुलिना' म्हणून महाग मिळतं तेच. ते खायला लेसर फ्लेमिंगो येतात, कधीकधी दहा लाखांच्याही वर. त्यांचा गुलाबी रंग या खाण्यातूनच येतो. शिवडीच्या चिखलात दिसतात ते लहान रोहित याच जातीचे, बरं का.

काठावर दोनशेच्या आसपास गरम झरे आहेत. लोबुरूला तर पाणी उकळतच बाहेर पडतं, काही झरे कारंज्यासारखे उडतात. पर्यटक त्यात अंडी उकडतात. फ्लेमिंगोंना मात्र या झऱ्यांचं वेगळंच अप्रूप. सरोवराच्या मानाने हे पाणी कमी खारट, म्हणून ते इथे प्यायला आणि पंख धुवायला येतात. आणि मासेच नाहीत म्हटल्यावर फिश ईगलने काय करावं? तो सरळ फ्लेमिंगो मारतो. वर डोंगरउतारावर पिळदार शिंगांचे ग्रेटर कुडू चरत असतात.

आता 'अस्पर्श'बद्दल. या काठावर एन्डोरोइस नावाचे गुराखी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. गुरांना चाटायला इथली खारी माती, पूजाअर्चा इथे, आणि पूर्वजांचे आत्मे सरोवरातच राहतात ही श्रद्धा. 1973 मध्ये सरकारने अभयारण्य जाहीर केलं आणि त्यांना तिथून हलवलं. ते 2003 मध्ये आफ्रिकन मानवाधिकार आयोगाकडे गेले. आयोगाने 2009 मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि फेब्रुवारी 2010 मध्ये आफ्रिकन युनियनने त्याला मान्यता दिली. जमिनीवरचा हक्क मान्य करा, भरपाई द्या, वगैरे. आणि 2011 मध्ये युनेस्कोने बोगोरिया जागतिक वारसा यादीत घातलं, ते एन्डोरोइसना नीट न विचारताच. त्याच वर्षी आयोगाला त्यावर वेगळा ठराव करून नाराजी नोंदवावी लागली.

यावर लोक म्हणतात, 'अरे, राखीव केलं नसतं तर कुडू उरले असते का?' प्रश्न रास्त आहे. गुरं वाढली की चारा संपतो हे मलाही कळतं. पण 1973 मध्ये राखण्यासारखं जे काही होतं, ते याच गुराख्यांच्या शेजारात टिकलं होतं ना? नियम करा, हद्दी ठरवा, पण त्यांना टेबलावर बसवून. उचलून बाहेर ठेवणं हा फक्त सोपा उपाय होता.

आणि सगळ्यांनाच हात लावायची बंदी होती असंही नाही. 1992 मध्ये शास्त्रज्ञांनी रिफ्ट व्हॅलीतल्या सोडा सरोवरांतून जंतूंचे नमुने नेले. सोड्यात जगणाऱ्या जंतूंची एन्झाइम्स डिटर्जंटमध्येही टिकतात, सेल्युलोज कुरतडतात, त्यामुळे जीन्सला तो विटका 'स्टोनवॉश' लूक दगडांशिवाय देता येतो. पेटंटं झाली, धंदा झाला. 2004 मध्ये केनियाच्या वन्यजीव खात्याने 'आमचा वाटा कुठाय?' म्हणून दावा केला. आम्ही आयटीवाले कुणाच्या फुकट कोडच्या चार ओळी वापरल्या तरी लायसन्सची फाइल सोबत जोडतो, नाहीतर लीगलची मेल येते. इथे अख्खा जंतू उचलला जातो. आणि खात्याने वाटा मागितला तेव्हा तो खात्याने मागितला. तीन दशकं काठाबाहेर बसलेल्यांचा नंबर त्याच्याही मागे.

गेल्या दशकभरात पाणीच चढतंय. 2020 पर्यंत सरोवर चाळीस चौरस किलोमीटरच्या वर पसरलं. अभयारण्याचं गेट, रस्ता, बरेचसे झरे पाण्याखाली गेले. पाणी पातळ झालं की आर्थ्रोस्पायरा घटतं आणि फ्लेमिंगो दुसरीकडे उडतात. उत्तरेला बारिंगो हे गोड्या पाण्याचं सरोवर आहे, तेही चढतंय. दोन्ही एक झाली तर बारिंगोतल्या मासेमारांचं काय, याची चिंता तिथे उघडपणे बोलली जाते. पाण्याने घरं आणि कुरणं गेली त्यांत एन्डोरोइसही आहेत. यावेळी नोटीस सरकारची नव्हती, एवढाच फरक.