आधी आईला विचारा

आपल्या दवाखान्यांत रोज होणारी एक भेट आहे. मुलगा दार ढकलून आत येतो, मागोमाग आई. समोरच्या खुर्चीवर मुलगा बसतो, आई बाजूच्या स्टुलावर. फाइल त्याच्या हातात असते आणि बोलतोही तोच. "झोप नाही म्हणते, गुडघे दुखतात, जेवण अगदी कमी झालंय." आपण त्यालाच विचारतो, "साखर घरी तपासता का? गोळ्या वेळेवर घेतात ना?" चिठ्ठी त्याच्या हातात जाते. आई जाताना हात जोडते, आपणही जोडतो. मुलगा अर्धी रजा टाकून आलेला असतो, त्याची काळजी खरी असते. आपण लिहिलेले औषधही पुस्तकाप्रमाणे बरोबर असते. पण जिच्यासाठी हे सगळे चालले, तिचे त्या भेटीत एक वाक्यही आलेले नसते.

वृद्ध स्त्रीच्या आरोग्याविषयी फॅमिली डॉक्टरांशी बोलायचे ठरवले, तेव्हा सांध्यांपासून स्मृतिभ्रंशापर्यंत विषयांची रांग समोर उभी राहिली. त्या सगळ्यांच्या आधी ही खुर्ची आणि हे स्टूल यांची अदलाबदल व्हायला हवी, असे आमचे ठाम मत आहे. कारण तिच्या आजारांपैकी बरेचसे मुलाला माहीतच नसतात आणि ती त्याच्यासमोर ते सांगणार नाही.

डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा गडचिरोलीतील अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी त्यात होती. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते आणि याआधी कधीही तशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. हा अभ्यास आपण प्रसूती आणि तरुण वयाच्या संदर्भात आठवतो. पण तेव्हा चाळिशीत असलेल्या बाया आज पंचाहत्तरी ओलांडून गेल्या आहेत. न सांगण्याची, सोसत राहण्याची सवय घेऊनच त्या म्हाताऱ्या झाल्या आणि आता मुलाच्या किंवा सुनेच्या मागून आपल्या दवाखान्यात येतात. शहरातली निवृत्त शिक्षिका असो की शेतावर राबलेली आजी, या बाबतीत फारसा फरक पडत नाही.

काय सांगत नाहीत त्या? खोकले, शिंकले की लघवी सुटते. अंग बाहेर येते. शौचाला चार-चार दिवस होत नाही. कवळी टोचते म्हणून भाकरी सोडली. यातले पहिलेच घ्या. लघवी सुटते म्हणून ती दुपारनंतर पाणी पिणे बंद करते. मग कीर्तनाला जाणे थांबते, लग्नकार्याला "तुम्ही जाऊन या" म्हणते, एसटीचा प्रवास नको वाटतो. पाणी कमी, म्हणून बद्धकोष्ठ वाढते, लघवीला जळजळ होते, भूक जाते. मुलाला दिसते ते एवढेच की आई हल्ली घराबाहेर पडत नाही, वयाने थकली. आपणही टॉनिक लिहून देतो. खरे तर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम नीट शिकवले तर यातल्या अनेकींना काही महिन्यांत फरक पडतो. अंग बाहेर येत असेल आणि शस्त्रक्रियेची तयारी किंवा तब्येत नसेल, तर रिंग पेसरीचा उपाय आहे. तो आपल्या तालुक्याच्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे होऊ शकतो. पाठवायचे काम आपले.

आणखी एक ताजे उदाहरण. डॅपाग्लिफ्लोझिनच्या गोळ्या स्वस्त झाल्या तसा त्यांचा वापर वाढला, आणि हृदय व मूत्रपिंडासाठी त्या चांगल्या आहेत हे खरेच. पण लघवीतून साखर जात असल्यामुळे योनिमार्गात बुरशीचा संसर्ग होऊन खाज, आग सुरू होते. पंच्याहत्तर वर्षांची आई हे मुलाला सांगेल? ती गुपचूप गोळी बंद करते. पुढच्या खेपेला साखर वाढलेली दिसते आणि आपण आणखी एक गोळी जोडतो.

म्हणून पाच मिनिटे तिला एकटीला द्या. मुलाला न दुखवता हे करता येते. "तुम्ही रिपोर्ट घेऊन या, तोवर मी मावशींना तपासतो," एवढे म्हटले की पुरते. पुरुष डॉक्टरने नर्सताईंना आत बोलवावे. तोंड तिच्याकडे करून, मास्क खाली घेऊन, ठाय लयीत बोलावे. ऐकू येत नसेल तर आधी कान बघावेत. मळ निघाल्यावर "आई हल्ली विसरते" ही तक्रारच संपल्याचे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी जी १४ कारणे दिली आहेत, त्यांत कमी ऐकू येणे आहे आणि उपचार न झालेली दृष्टीची कमतरताही आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि श्रवणयंत्र हे मेंदूचेही उपचार आहेत, हे घरच्यांना आपणच पटवून द्यायला हवे, कारण "आता या वयात मशीन कशाला" असे आधी तीच म्हणते.

याच पाच मिनिटांत दुसरेही काही कळते. दंडावरचा वळ, पैशांच्या गोष्टीवर गप्प होणे, "घरी सगळे बरे आहे ना?" या प्रश्नावर भरून आलेले डोळे. अशा वेळी ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आणि २००७ चा पालक व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा आपल्याला माहीत असला पाहिजे. तिच्या संमतीशिवाय धावपळ करू नये. पण दिसलेले दिसले नाही, असे मात्र डॉक्टरने करू नये.

आता गोळ्यांच्या पिशवीकडे वळू. फाइल बघून औषधे कळत नाहीत, पिशवी बघून कळतात. "घरात जे जे आहे ते सगळे आणा," असे सांगावे; काढे, चूर्णे, शेजारणीने दिलेली गुडघ्याची गोळी, मेडिकलवाल्याने दिलेली झोपेची गोळी, सगळे. त्या पिशवीत नेहमी भेटणारी एक साखळी आहे. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन सुरू झाले, पावलांवर सूज आली. सूज उतरावी म्हणून लघवीची गोळी. त्यामुळे रात्री तीनदा उठणे. झोपमोड होते म्हणून अल्प्राझोलॅम. अंधारात, गुंगीत, ओल्या मोरीत पाय घसरतो आणि खुब्याचे हाड मोडते. साखळीतली प्रत्येक चिठ्ठी वेगळी पाहिली तर कुठेच चूक सापडत नाही. सापडते ती सगळ्या चिठ्ठ्या एका टेबलावर मांडल्यावर.

दुसरी साखळी चक्करेची. "चक्कर येते" म्हटले की प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिन लिहिण्याचा आपला हात सराईत आहे. चार दिवसांची गोळी वर्षभर चालू राहते. मग चाल मंदावते, हात थरथरतात, चेहरा कोरा होतो आणि पार्किन्सनची औषधे सुरू होतात. म्हाताऱ्या माणसात नव्याने कंपवात दिसला, तर आधी पिशवी उपडी करा. ही गोळी थांबवल्यावर काही महिन्यांत बरेच रुग्ण सुधारतात. आणि मूळ चक्कर? आडवे पडून पाच मिनिटांनी एकदा, मग उभे राहिल्यावर एका आणि तीन मिनिटांनी रक्तदाब मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर चक्करेचे कारण आपल्याच चिठ्ठीत असण्याची शक्यता मोठी आहे. हे मोजणे नर्स किंवा प्रशिक्षित कंपाउंडरही करू शकतो. त्याच वेळी खुर्चीवरून उठून तीन मीटर चालत जाऊन, वळून, परत येऊन बसायला किती वेळ लागतो तेही घड्याळात पाहावे. बारा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर ती पडण्याचा धोका आहे. पडल्यावर अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवण्याऐवजी आधीच फिजिओथेरपिस्टकडे पाठवा, आणि घरच्यांना मोरीत धरायला दांडी व रात्रीचा दिवा लावायला सांगा.

मधुमेह असलेल्या आईविषयी लिहिताना उपवास टाळता येत नाहीत. एकादशी, चतुर्थी, गुरुवार, श्रावणी सोमवार, नवरात्र. एखादीच्या महिन्यात दहा-दहा दिवस उपवासाचे निघतात. "उपवास बंद करा" असे आपण रागावून सांगतो. ती मान डोलावते आणि पुढच्या खेपेपासून सांगणे बंद करते. ग्लिमेपिराइड मात्र सकाळी नेहमीप्रमाणे घेते आणि दुपारी घाम फुटून गळून पडते. त्यापेक्षा पंचांग टेबलावर ठेवा. कोणते उपवास, निर्जळी कोणते, फराळ कधी, हे तिला विचारा. साखर झपाट्याने उतरवणारी गोळी त्या दिवशी बंद की निम्मी, हे तिची तब्येत बघून ठरवा आणि मोठ्या अक्षरात मराठीत लिहून द्या. निर्जळी उपवास असेल तर लघवीची गोळी आणि डॅपाग्लिफ्लोझिन यांचाही विचार करा. साबुदाण्यात पिष्टाखेरीज फारसे काही नाही. दही, दूध, शेंगदाणे, राजगिरा वाढवायला सांगितले तर ती ऐकते, कारण व्रत मोडत नाही. आणि एचबीएवनसी साडेसहावर आणण्याचा हट्ट सोडून द्या. अनेक आजार असलेल्या वृद्धांसाठी आठच्या आत एवढे लक्ष्य पुरेसे असल्याचे अमेरिकन डायबेटिस असोसिएशनही सांगते. या वयात साखर एकदा खाली जाण्याची किंमत फार मोठी असते.

जेवणाबद्दलही तिलाच विचारायचे, आणि "काल दिवसभरात काय काय खाल्लं?" असे नेमके विचारायचे. "जेवते ना" हे मुलाचे उत्तर असते. तिचे उत्तर बहुधा सकाळी चहा-पोळी, दुपारी थोडा आमटी-भात, संध्याकाळी चहा-बिस्कीट, रात्री दूध-भात असे निघते. शेवटी उरेल ते खायची सवय आयुष्यभराची. वजनाच्या प्रत्येक किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने यात बसत नाहीत. शाकाहारी, त्यात वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन आणि सकाळची अ‍ॅसिडिटीची गोळी, म्हणजे बी-ट्वेल्व्ह कमी असण्याची तिन्ही कारणे एकत्र. मुंग्या, विसरणे, तोल जाणे यांवर "वयाप्रमाणे होतंच" म्हणण्याआधी ही तपासणी करावी.

हे "वयाप्रमाणे होतंच" आपल्या तोंडून फार सहज जाते. साठीपुढच्या भारतीयांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून जास्त आहे. म्हणजे विसरणाऱ्या सगळ्याच आयांना स्मृतिभ्रंश नसतो. त्यांत थायरॉइड आहे, नैराश्य आहे, नवरा गेल्यापासूनचे एकटेपण आहे. ज्यांना खरोखर स्मृतिभ्रंश आहे, त्यांच्या घरालाही निदान लवकर कळणे गरजेचे असते. दोन्हीकडे "वय" हे उत्तर नुकसान करते.

गर्दीच्या ओपीडीत हे सगळे कधी करायचे, हा प्रश्न रास्त आहे. एका भेटीत सगळे करू नका. एका खेपेला पिशवी, पुढच्या खेपेला उभे राहून रक्तदाब आणि चाल, त्यानंतर कान-डोळे-दात. आठवड्यातली एक दुपार ज्येष्ठांसाठी ठेवा, जास्त वेळ देता त्याची रास्त फी घ्या. पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि स्त्रियांना निम्म्या तिकिटात आहे. बऱ्याच जणी एकट्याही येऊ शकतील, त्यांना तशी वेळ द्या. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी याच दुपारी उरकता येतात. सत्तरी पूर्ण झालेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारतमध्ये कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचारांची सोय आहे. कार्ड काढले का, एवढे विचारावे.

आईसोबत येणाऱ्या सुनेकडे किंवा लेकीकडेही पाहा. रात्री उठवणारी, डायपर बदलणारी, गोळ्या मोजणारी तीच असते आणि तिची पाठ, तिचा रक्तदाब, तिची झोप कुणी विचारत नाही. परदेशातल्या मुलाच्या व्हिडिओ कॉलला आपण वीस मिनिटे देतो. घरात राबणाऱ्या बाईला दोन मिनिटे मिळत नाहीत. ती कोसळली तर आईचे सगळे उपचार कोसळतात.

राहिला सर्वांत अवघड भाग. कर्करोगाचा रिपोर्ट येतो आणि मुले आईच्या आधी आत येऊन म्हणतात, "डॉक्टर, तिला काही सांगू नका, ती सहन करू शकणार नाही." त्यामागे प्रेम असते, हे मान्य. पण जिने नवऱ्याचे आजारपण काढले, कधी मूल गमावले, घर पुन्हा उभे केले, तिच्या सहनशक्तीचा हिशेब मुले करत असतात. तपासण्या सुरू होण्याआधीच तिला विचारावे, "मावशी, जे निघेल ते तुम्हाला सांगू, की मुलांशी बोलू?" काही जणी म्हणतात, मुलाशीच बोला. तो त्यांचा निर्णय, आणि तो मानावा. काही जणी म्हणतात, मला सांगा. मग मुलांना विश्वासात घेऊन तिलाच सांगावे. कृत्रिम श्वास, नळ्या, आयसीयू हे हवे की नको, तेही ती बरी असताना विचारावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अशा पूर्वसूचनापत्राला मान्यता दिली आणि २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर ते होते. प्रत्येक कुटुंब तिथवर जाणार नाही. निदान तिचे उत्तर, तिच्याच शब्दांत, तारीख घालून आपल्या केसपेपरवर लिहून ठेवा. आयसीयूच्या दाराशी तीन भावंडांची तीन मते पडली की त्यांना तो कागद लागणार आहे.