“खंयचे तुमी?”

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. काहींना झोंबेल, आमच्याच बिल्डिंगमधल्या चार-पाच घरांना तर नक्कीच. तरी लिहितेय, कारण ज्या सभेबद्दल लिहितेय त्या सभेत मीही गप्प बसले होते.

आधी ओळख. माझं माहेर मोरजी, सासर मये. पेडण्यात जन्मले, डिचोलीत नांदले आणि 1994 पासून पर्वरीला आहे. आम्ही आलो तेव्हा इथे काजूची झाडं आणि लाल मातीचं पठार होतं. शिवोलीचा पूल नव्हता, माहेरी जायचं तर चोपड्याची फेरीबोट. मग 2000 साली विधानसभा इकडे आली, नंतर हायकोर्ट आलं, मॉल आला. आता आमच्या पठारावर फ्लॅटची किंमत कोटींत बोलतात. पेडणे-डिचोलीची कितीतरी घरं नोकरीसाठी, मुलांच्या शाळेसाठी इथे आली आणि इथलीच झाली.

तर गेल्या जानेवारीतली गोष्ट. दुसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट भाड्याने द्यायचा होता. मालक पुण्याला. बघायला एक जोडपं आलं, बरोबर तीन वर्षांची मुलगी. नवरा मोपा विमानतळावर कामाला, बायको नर्स. जिन्यात ती मला भेटली. म्हणाली, “काकी, हांगा उदक केन्ना येता?” मी वेळ सांगितली. सवयीने विचारलं, “खंयचे तुमी?” ती म्हणाली, “आमी दिवचलचीं, मुस्लिमवाड्यावयलीं.” मला बरं वाटलं. सासरची माणसं भेटल्यासारखं.

रविवारी सभा झाली. आडनाव वाचलं गेलं आणि खुर्च्या सरकायला लागल्या. कोणी वाईट शब्द काढला नाही. आपण सुशिक्षित माणसं! “तसं काही नाही हो, पण सगळे आपलेच आहेत इथे, वातावरण बिघडायला नको,” एवढंच. मग ठराव झाला: भाडेकरू ठेवताना ‘सुसंगत कुटुंबांना’ प्राधान्य द्यावं. मी खजिनदार. ठरावाखाली माझी सही आहे. ती मुलगी कुठली, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. मी बोलले नाही.

आता ‘सगळे आपलेच’ म्हणजे कोण ते बघू. तळमजल्यावर साळगावचे ख्रिस्ती आजी-आजोबा. शेजारी हुबळीचे डॉक्टर. वर एक सिंधी कुटुंब. तीन फ्लॅट दिल्लीकरांचे, ते वर्षातून वीस दिवस उघडतात. उरलेले आपण. म्हणजे भाषा एक नाही, जेवण एक नाही, देव एक नाही. तरी ‘आपलेच’. मग ‘सुसंगत’ शब्दाचा अर्थ एकच उरतो. तो लिहायची लाज वाटली म्हणून हा गुळगुळीत शब्द शोधला.

आपण कोणाची मुलं आहोत, ते आठवा. माझ्या माहेरची मोरजाई आणि सासरची महामाया या बहिणी, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय याही बहिणी. आणि त्यांचीच एक बहीण म्हापशाच्या चर्चमध्ये आहे, मिलाग्र सायबीण. ईस्टरनंतर तिचं फेस्त असतं तेव्हा माझी आई फेरीबोट ओलांडून तेल घालायला जायची. तिला कोणी धर्म विचारला नाही, तिनेही कोणाला विचारला नाही. बहिणीकडे जाताना विचारतात का?

सासरच्या बाजूचं सांगते. मयेच्या शेजारी नार्वे. तिथला सप्तकोटेश्वर मूळचा दिवाडी बेटावरचा. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तिथलं देऊळ पाडलं, भाविकांनी लिंग नदीपलीकडे आणलं. पलीकडे तेव्हा कोणाचं राज्य होतं? विजापूरच्या आदिलशहाचं. त्याआधी सुलतानी फौजांनीही हा देव मोडला होता, हेही खरं, ते मी लपवत नाही. पण आसरा मिळाला तोही सुलतानाच्याच मुलखात. 1668 साली शिवाजी महाराजांनी नार्व्याला देऊळ बांधून दिलं, ते पुढे. मधली शंभर वर्षं देव तिथे परक्या राज्यात राहिला. तेव्हा कोणी ‘सुसंगत’ शब्द काढला असता तर?

मराठीचाही आपल्याला फार अभिमान. असावाच. पण 1616 साली राशोलच्या छापखान्यातून ख्रिस्तपुराण निघालं, ते लिहिणारा थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज, पेशाने पाद्री. ते ओव्यांतलं मराठी सासष्टीच्या ख्रिस्ती माणसांसाठी होतं. आपली भाषासुद्धा कधी एका धर्माच्या घरात कोंडून राहिली नाही.

आणि ‘भायले’ म्हणजे काय, हे पेडणे-डिचोलीच्या माणसाला कोणी शिकवायला नको. 16 जानेवारी 1967 चा कौल झाला तेव्हा मी दहा वर्षांची. आमच्या भिंतीवर फूल रंगवलेलं, म्हणजे विलिनीकरण. दोन पानं जिंकली. एक लाख बहात्तर हजार विरुद्ध एक लाख अडतीस हजार. हरल्याचं दुःख मोठ्यांना, आम्हा पोरांना फक्त एवढंच कळलं की जेवणं झाली नाहीत. पुढे नोकरीला पणजीत लागले. राजभाषेचं आंदोलन पेटलं तेव्हा ऑफिसातल्या एका बाईंनी मी मराठी पेपर वाचते म्हणून सगळ्यांसमोर सांगितलं, “तुमी वचात महाराष्ट्रांत.” मी गोव्याची. माझे पणजोबा मोरजीत पुरलेल्या माडाखाली खेळले. तरी मला माझ्याच राज्यात बाहेरची ठरवलं. ते वाक्य मी जवळजवळ चाळीस वर्षं विसरले नाही. आणि जानेवारीत सही करून मी तेच वाक्य त्या नर्सला सांगितलं.

नंतर मी दोघा-तिघांना खासगीत सांगितलं की ती डिचोलीची होती. लगेच चेहरे बदलले. “अरे, आधी सांगायचं ना! आपल्या डिचोलीचे असतील तर वेगळं.” मंडळी, इथेच माझं तुमच्याशी भांडण आहे. ती विजापूरची असती, बिहारची असती, तर तिच्या मुलीला पाणी कमी लागलं असतं? डिचोलीच्या खाणींवर कुठकुठून माणसं आली, आपल्या घरात पैसा आला. 2012 ला खाणी थांबल्या तेव्हा आपल्याच घरांची मुलं पुण्या-मुंबईला, दुबईला गेली. आज तीही कुठेतरी भाड्याची खोली शोधतात. तिथे त्यांना ‘सुसंगत’ ठरवणारं कोणीतरी बसलेलं असेलच.

काही जण म्हणतात, कोर्टानेच परवानगी दिली आहे. अहमदाबादच्या पारशी सोसायटीचा 2005 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल मला माहीत आहे. तिथे सोसायटीच्या पोटनियमांतच सभासदत्व पारशांपुरतं होतं. आपल्या पोटनियमांत असं काही नाही. आणि कायदा अडवत नाही म्हणून ते करायलाच हवं, हे कुठलं शास्त्र?

दुसरा मुद्दा जमिनीचा, आणि तो खरा आहे. गोवा हातातून जातोय, हे मलाही दिसतं. मोपाचं विमानतळ आल्यापासून पेडण्यातल्या जमिनीचे भाव ऐकून झोप उडते. पण जमीन नर्सने घेतली का? डोंगर तिने कापले का? नगरनियोजन कायद्यातल्या 39-अ कलमाविरुद्ध लोक आवाज उठवत होते तेव्हा आपल्या बिल्डिंगमधून किती जण गेलो? एकही नाही. तीन कुलूपबंद फ्लॅटच्या मालकांना आपण कधी “खंयचे तुमी?” विचारलं? त्यांचा मेंटेनन्स वेळेवर येतो, आपण हात जोडतो. राग पैसेवाल्यावर आहे आणि काढतो भाडेकरूवर. याला गोवा वाचवणं म्हणत नाहीत.

सुरक्षेचं म्हणाल तर पोलिसांत भाडेकरूची नोंद करा. सगळ्यांची करा. करार तपासा, डिपॉझिट घ्या. मी पहिली मदत करीन.

एक गंमत सांगते. ठरावानंतर दोन महिन्यांनी आमच्याच दाराखाली चिठ्ठी आली: गॅलरीत सुंगटं सुकवू नयेत, वास येतो. मोरजीच्या बाईला! नियम एकदा सुरू झाला की आपल्या दारापर्यंत यायला वेळ लागत नाही. आज आडनाव, उद्या मासळी.

त्या जोडप्याला शेवटी थिवीच्या बाजूला जागा मिळाली, असं एजंट म्हणाला. नाइट ड्युटी संपवून पणजीहून ती तिकडे बस बदलून जाते.

येत्या रविवारी वार्षिक सभा आहे. मी सचिवांना पत्र दिलं आहे: जानेवारीचा ठराव रद्द करावा, ‘सुसंगत’ शब्द काढावा. त्या दिवशी गप्प का बसले, तेही सभेतच सांगणार आहे. बरोबर कोणी हात वर करील की नाही, ठाऊक नाही. तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, “तू उलय, हांव आसां.” बघू.

तुमच्या सोसायटीचं ठरावाचं रजिस्टर एकदा काढून बघा. असा एखादा गुळगुळीत शब्द सापडला तर खाली लिहा. मला शिव्या घालायच्या असतील तर त्याही लिहा. पण आधी रजिस्टर बघा.