आधी अंतर ठरवा

‘काका, साठ हजारांत कोणता कॅमेरा येईन?’

मौद्याच्या बसस्टँडजवळ, भंडारा रोडवरच्या चहाच्या टपरीवर काही दिवसांपूर्वी एका पोराने मला विचारलं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. धान विकून झालं, वडिलांनी पैसे काढून दिले आणि आता त्याला चांगला कॅमेरा हवा आहे. मोबाइलवर त्याने सात-आठ मॉडेलं काढून ठेवली होती. कोणाचे मेगापिक्सेल किती, कोण एका सेकंदात किती फोटो काढतो, सगळं तोंडपाठ. मी त्याला उलट विचारलं, ‘तुला कशाचा फोटो काढायचा आहे, आणि तो काढताना तू किती लांब उभा असशील?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘सगळ्याचाच’ असं आलं. दुसऱ्याचा त्याने विचारच केला नव्हता.

हे सदर लिहायला लागल्यापासून हौशी फोटोग्राफर मला सर्वांत जास्त वेळा कोणता कॅमेरा घेऊ हेच विचारतात. कॅमेरा निवडणं म्हणजे खरं तर अंतर निवडणं, या मतावर मी आता ठाम आहे. बॉडी कोणत्या कंपनीची, हा प्रश्न पुष्कळ नंतरचा.

मौद्यातलंच उदाहरण घ्या. इथल्या धानाच्या बांध्यांमागे एनटीपीसीच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. २,३२० मेगावॉटचं केंद्र आहे, लांबूनही नजरेत भरतं. समजा धुऱ्यावर एक बाई विळा घेऊन उभी आहे आणि तिच्या मागे दोन किलोमीटरवर चिमणी आहे. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५च्या छोट्या लेन्सचं १८ मिलिमीटरचं टोक लावून तुम्ही तिच्यापासून तीन मीटरवर उभे राहिलात, तर बाई चौकटभर दिसते आणि चिमणी मागे काडीएवढी. आता चाळीसेक मीटर मागे जा आणि २५० मिलिमीटरने तोच फोटो घ्या. बाई तेवढीच येईल, पण चिमणी जवळपास चौदा पट मोठी होऊन तिच्या डोक्यावर उभी राहील. बाई तीच, चिमणी तीच, सकाळही तीच. पहिला फोटो तिच्या हातातल्या विळ्याबद्दल बोलतो आणि दुसरा तिच्या शेताशेजारी काय आलं त्याबद्दल. हा फरक तुमच्या पायांनी केला. लेन्सने फक्त त्या जागेवरून चौकट भरून दिली.

म्हणून आधी लेन्स ठरवावी आणि बॉडी तिच्या मागून यावी, असं मी सांगतो. दुकानात मात्र उलटं होतं. साठ हजारांतले पंचावन्न बॉडीवर जातात, सोबत १८-५५ मिळते आणि पोरगं ती लेन्स घेऊन खिंडसीच्या तलावावर पक्षी शोधायला जातं. फोटोत ठिपका येतो. महिनाभरात कॅमेरा कपाटात.

माझंही पहिल्या वेळी चुकलंच होतं, फक्त उलट्या बाजूने. जवळच्या सगळ्या पैशांतून मी प्रचंड झूमचा, लेन्स न बदलणारा कॅमेरा घेतला. दुपारच्या उन्हात तो सुंदर काम करायचा. पण पहाटे तलावाच्या काठावर धुक्यात बगळा टिपला की पांढऱ्या पिसांची भुकटी व्हायची. कारण पुढे कळलं. अशा कॅमेऱ्यांतला सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो, म्हणजे तुरीच्या डाळीएवढा. लेन्स बदलता येणाऱ्या साध्या कॅमेऱ्यात तो २३ बाय १५च्या आसपास असतो. क्षेत्रफळ बारा-तेरा पट. उजेड कमी असला की हा फरक उघडा पडतो आणि पक्षी तर भल्या पहाटेच हाती लागतात. त्या वर्षीचे हिवाळ्यातले माझे फोटो वाया गेले. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मेगापिक्सेलची चिंता मात्र सोडून द्यावी. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६,००० बाय ४,००० ठिपके. इंचाला ३०० ठिपके धरले तरी वीस इंच रुंद छापील फोटो निघतो. घरातल्या भिंतीला त्याहून मोठा क्वचितच लागतो.

अंतराचा प्रश्न फक्त तंत्राचा नाही. २०२४च्या ३१ डिसेंबरला आपल्याच जिल्ह्यात, उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावकडच्या बाजूला, एफ-२ वाघीण आणि तिचे बछडे रस्त्यावर असताना सफारीच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी वाट अडवली. त्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. मी तो पुन्हा पुन्हा पाहिला तो गाड्यांमधली माणसं पाहण्यासाठी. हात पुढे, मोबाइल पुढे. मोबाइलच्या मुख्य लेन्सचा कोन इतका रुंद असतो की वाघ मोठा दिसायला जवळच जावं लागतं. जंगलात जायचंच असेल तर लांब लेन्स ही चैन समजू नका. आपण लांब थांबावं आणि वाघिणीला तिची वाट मोकळी मिळावी, त्यासाठी ती लागते. जुनी का असेना, कॅननची ५५-२५० किंवा निकॉनची ७०-३०० घेतली तरी सुरुवात होते. कॅननच्या साध्या बॉडीवर ती ५५-२५० जुन्या पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या हिशेबाने ४००ची होते. तेवढ्यानेही वाघ चौकटीत बसला नाही तर डोळे भरून पाहावा.

उलट काही ठिकाणी लांब लेन्स नेणं मला पटत नाही. आपल्या भागातल्या मिरचीच्या सातऱ्यांवर ओळीने बसून बाया मिरचीचे देठ खुडतात. हवेत ठसका आणि नजर जाईल तिथवर लाल. रस्त्यापलीकडून ३०० मिलिमीटरने त्यांचे चेहरे चोरणारे लोक मी पाहिले आहेत. तिथे ३५ किंवा ५०ची लहान लेन्स घेऊन जा. तिला झूम नसतो, त्यामुळे जवळ जावं लागतं. जवळ गेलं की बोलावं लागतं. ‘कोणाचा रे तू?’ असं कोणीतरी विचारतं, आपण गाव सांगतो, मग कुठे कॅमेरा वर करायचा. ‘नको’ म्हणाल्या तर खाली ठेवायचा.

सातऱ्यावर जाणाऱ्याने आणखी एक जपावं. सेन्सरवरच्या ठिपक्यांत निम्मे हिरवा, पाव लाल आणि पाव निळा रंग पाहणारे असतात. उन्हात मिरचीचा ढीग आला की लाल ठिपके आधी भरून वाहतात आणि मिरचीची सुरकुती, चकाकी, देठाजवळची घडी सगळं एका लाल थाप्यात बुडतं. एक्स्पोजर थोडं उतरवा, फोटो रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये, ठेवा आणि हिस्टोग्राममध्ये, म्हणजे उजेडाच्या आलेखात, लाल रंगाची रेघ वेगळी पाहा. आणि कॅमेरा घेताना रॉ फाइल देतो का आणि तिन्ही रंगांच्या रेघा वेगळ्या दाखवतो का, हे दुकानातच तपासा.

आता साठ हजारांचं. माझं मत स्पष्ट आहे: वापरलेला डीएसएलआर घ्या. कंपन्यांचा सगळा जोर आता मिररलेसवर आहे, त्यामुळे चांगले डीएसएलआर आणि त्यांच्या लेन्स लोक विकून टाकत आहेत. २०१७चा निकॉन डी७५०० किंवा २०१६चा कॅनन ८०डी आजही पहाटेचा बगळा नीट टिपतो, आणि पुढेमागे त्याच कंपनीच्या मिररलेसवर गेलात तर बहुतेक जुन्या लेन्स अडॅप्टर लावून चालतात. घेताना शटर किती वेळा उघडलं तो आकडा मागा. साध्या बॉडीचं शटर साधारण एक लाखाच्या हिशेबाने बनवलेलं असतं. लेन्स उजेडासमोर धरून आत जाळं दिसतं का पाहा. व्हिडिओच करायचा असेल तर मात्र नवा मिररलेस घ्या, तिथे मी वाद घालणार नाही. नवा घेताना पक्कं बिल घ्या. १८ टक्के जीएसटी वाचवायला बिनबिलाचा घेतलेला कॅमेरा बिघडला की कंपनीची वॉरंटी मागायला तोंड राहत नाही.

लेन्समधलं ते जाळं म्हणजे बुरशी. रोवण्याच्या दिवसांतला ओलावा लेन्सला खातो. चामडी पिशवीत घालून लोखंडी कपाटात, स्वेटरांच्या खाली ठेवलेली माझी एक लेन्स एका पावसाळ्यात गेली. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, एवढंच लागतं.

त्या पोराला मी पंधरा दिवस थांबायला लावलं. मोबाइलवर रोज फोटो काढ, म्हटलं, आणि जिथे झूम करावंसं वाटलं तिथे वहीत एक खूण कर. जिथे मागे सरकावं लागलं तिथे दुसरी. काल तो वही घेऊन आला. झूमच्या खुणा चार, त्यातल्या तीन कन्हानच्या पात्रातल्या पक्ष्यांच्या. मागे सरकल्याच्या एकोणीस: ओसरीवर धान पाखडणारी आजी, गोठा, परमात्मा एक आश्रमात जमलेली सेवकांची गर्दी. त्याने स्वतःच मोजलं आणि जरा वेळ गप्प राहिला.

‘म्हणजे मले आजीचे फोटो काढाचे हायेत,’ तो म्हणाला.

रविवारी सकाळच्या बसने आम्ही दोघं नागपूरच्या बर्डी बाजारात निघतोय. यादीत आधी रुंद कोनाची लेन्स आहे, मग जुनी बॉडी. उरलेल्या पैशांचं काय करायचं ते त्याने अजून ठरवलेलं नाही.