अंगणातली तार

रेडिओ खरखरू लागला की आपण पहिला दोष देतो तो रेडिओला. एके काळी मीही दिला होता.

गोष्ट 1971 च्या डिसेंबरातली. परभणी जिल्ह्यातल्या सेलूला आमचे घर. थोरला भाऊ फौजेत, पूर्वेच्या आघाडीवर. पत्र नाही, तार नाही. घरात वीज नव्हती. बॅटरीवर चालणारा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ होता. लघुलहरींवर बातम्या लावाव्यात तर तो फोडणीसारखा तडतडे. आजी देवापुढे दिवा लावून रोज रेडिओजवळ येऊन बसे.

"लागलं का रे बाबा काही?"

"नवा घ्यावा लागेल," मी म्हणालो. अण्णांनी चष्म्यावरून नुसते पाहिले. पुढे मी बोललो नाही.

शेजारी शास्त्र शिकवणारे गुरुजी राहत. त्यांनी रेडिओच्या मागची हातभर तार उचलली आणि हसले. "अहो, याला कान कुठे आहेत?"

मग माळवदावर दोन बांबू उभे राहिले. मध्ये 40 फूट तांब्याची तार; दोन्ही टोकांना चिनी मातीचे गोटे, म्हणजे तार बांबूला टेकू नये. दुसरी तार अर्थची. ती न्हाणीचे पाणी मुरते तिथे पुरलेल्या लोखंडी नळाला बांधली, कारण अर्थला ओली जमीन हवी. शेजारची पिठाची गिरणी बंद झाल्यावरच रेडिओ लावायचा, अशी ताकीद मिळाली.

खरी चूक मात्र पुढेच होती. लघुलहरी आकाशातल्या विद्युतभारित थरावरून परत फिरतात, म्हणूनच 1,400 किलोमीटरवरचे कोलंबो आपल्याला ऐकू येई. पण हा थर दिवसरात्र सारखा नसतो. दिवसा 19 नि 25 मीटर बरे. अंधार पडला की 41 नि 49. आम्ही रात्री 19 मीटरवर काटा फिरवत बसलो होतो!

16 डिसेंबरच्या रात्री ढाक्याच्या शरणागतीची बातमी स्वच्छ ऐकू आली.

"म्हणजे तिकडच्या गोळ्या थांबल्या ना?" आजीने विचारले.

"थांबल्या, आई," अण्णा म्हणाले.

दादाचे पत्र आले ते बारा दिवसांनी. पण त्या रात्री आजी पोटभर जेवली.

आज लघुलहरींवरची केंद्रे कमी झाली आहेत. बीबीसीची हिंदी सेवाही तिथून 2020 साली बंद झाली. तरी ज्यांच्या कपाटात ट्रान्झिस्टर आहे त्यांनी तो जरूर काढावा. 20-25 फूट प्लास्टिकच्या वेष्टणाची तार घ्या, एक टोक ट्रान्झिस्टरच्या काठीला चारपाच वेढे देऊन गुंडाळा, दुसरे खिडकीबाहेर सोडा. विजेच्या तारांपासून मात्र लांब. आणि आभाळ गडगडू लागले की आधी ती काढून ठेवा.

गिरणीची जागा आता एलईडीचे दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर यांनी घेतली आहे. रेडिओ सेलवर चालवा आणि घरातली एकेक वस्तू बंद करून पाहा. दिवाळीच्या विजेच्या माळांपैकी कोणती खोडकर आहे, तेही कळेल.

पणत्यांबद्दल मात्र रेडिओने आजवर तक्रार केलेली नाही.